'बरी आहे मी' याचं इंग्रजी

"हाउ आर यू फीलिंग टुडे?" स्क्रीनवरच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं. मी ते मराठीत सांगितलं. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या ताईंनी ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "बरी आहे मी." मी त्याचं इंग्रजी केलं, "आय ॲम फाइन." पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. 'बरी आहे मी' म्हणजे 'आय ॲम फाइन' नाही, हे मराठी बोलणाऱ्या कुणालाही कळतं. आपल्याकडे माणूस आयसीयूतून बाहेर आला की 'बरंय' म्हणतो, आणि घरात मयत होऊन पंधरा दिवस झालेले असताना फोन आला तरी 'चाललंय' म्हणतो. समोरच्यासाठी दार किती उघडायचं हे आपण त्या शब्दातून ठरवत असतो. पण दुभाष्याला शिकवलेला पहिला नियम असा की पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही. म्हणून मी गप्प बसले.

दुसरा नियम याहून अवघड. ती 'मी' म्हणाली की आपणही 'आय'च म्हणायचं. 'ती म्हणतेय की तिचा नवरा…' असं बोलायचं नाही. त्यामुळे पुढचे तीन तास, कधी लग्न न झालेली मी, माझ्या नवऱ्याने माझा पासपोर्ट कपाटात कसा ठेवला, माझा फोन कसा तपासला, आणि मी कोणत्या रात्री मुलाला घेऊन बाथरूमला आतून कडी लावली, हे इंग्रजीत सांगत होते.

मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इथल्या एका दक्षिण आशियाई बायकांच्या संस्थेला मराठी बोलणारी बाई हवी होती. हिंदी, गुजराती, पंजाबीवाल्या होत्या, मराठी कुणी नव्हती. शनिवार रिकामा असतो म्हणून मी हो म्हटलं. इथे लिहितेय ते ताईंना विचारून. गाव, वय, मुलं वगैरे तपशील बदलले आहेत.

ताई पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावच्या. नातेवाइकांमार्फत स्थळ आलं, मुलगा अमेरिकन नागरिक, महिनाभरात लग्न. पुढचं मी सांगत नाही, तुम्हाला अंदाज आहे. मुद्दा असा, की १९९४ साली अमेरिकेत स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध एक कायदा झाला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'वावा' म्हणतात. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असेल आणि छळत असेल, तर त्याच्या सहीशिवाय, त्याला न कळता बायकोला स्वतःचा अर्ज करता येतो. (छळ होणाऱ्या नवऱ्यालाही करता येतो, कायद्याच्या नावावर जाऊ नका.) नवरा माझ्यासारखा एच-१बीवर असेल तर मात्र हे दार नाही.

या अर्जात दाखवावं लागतं की लग्न खरं होतं, एकत्र राहिलो होतो, आपली वागणूक चांगली आहे, आणि मारहाण किंवा पराकोटीची क्रूरता झाली. पहिल्या तीन गोष्टींना कागद मिळतात. चौथीला कुठून आणायचे? ताईंनी पोलिसांना कधी फोन केला नाही. दवाखान्यात गेल्या तेव्हा नवरा सोबत होता आणि जिन्यावरून पडले असं सांगितलं गेलं. शेजारी आपापल्या गाड्यांतून थेट गॅरेजमध्ये शिरणारे. म्हणजे पुरावा एकाच ठिकाणी उरला होता, त्यांच्या मनात. तो तिथून काढून कागदावर आणण्यासाठी ते तीन तास होते. सरकार असा रिपोर्ट मागत नाही, कोणताही विश्वासार्ह पुरावा चालतो असं नियम म्हणतो. पण दुसरं काही नसताना वकील हाच रिपोर्ट मागतात.

ही तपासणी म्हणजे उपचार नाहीत, हे बहुतेकांना माहीत नसतं. ताईंनाही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं डॉक्टरीणबाई गोळ्या देतील. आधी लांबलचक मुलाखत होते, लहानपणापासूनची. मग प्रश्नावल्या. आघातानंतरच्या लक्षणांची एक प्रश्नावली असते, वीस प्रश्नांची. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. साधारण ३१ ते ३३च्या वर गेलात तर पीटीएसडी असण्याची शक्यता धरतात. नैराश्यासाठी वेगळी, नऊ प्रश्नांची. त्यावरून आणि मुलाखतीवरून दहा-पंधरा पानी रिपोर्ट बनतो, तो वकिलाकडे जातो आणि वकिलाकडून सरकारकडे.

उंबरठा ठरवून माणसं अलीकडे-पलीकडे करणं हे मी रोज ऑफिसात करते, फक्त तिथे माणसं नसून व्यवहार असतात, खरे की बनावट. त्यामुळे ३१ हा आकडा ऐकून मला परकं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

मराठीतला एक शब्द त्या दिवशी फार आडवा आला. 'त्रास'. "लग्नानंतर दुसऱ्या महिन्यापासून त्रास सुरू झाला," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, "द ट्रबल स्टार्टेड." ट्रबल म्हणजे काय, तर नळ गळतो तोही ट्रबल. आपल्याकडे 'सासरी त्रास होता' एवढं वाक्य माजघरात कुणी उच्चारलं की बायका पुढचं विचारत नाहीत. टोमण्यापासून रॉकेलपर्यंत सगळं त्यात बसतं, आणि ऐकणारीला आवाजावरून कळतं यातलं कुठलं. इंग्रजीत त्यासाठी पाच-सहा वेगवेगळे शब्द आहेत आणि कायद्याच्या दृष्टीने प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. मी 'ॲब्यूज' म्हटलं असतं तर चूक ठरलं असतं का? त्यांच्या मनात तेच होतं हे मला माहीत होतं. पण मला माहीत असणं आणि त्यांनी म्हणणं यात फरक आहे. तेव्हा नियमाप्रमाणे हात वर करून मी बाईंना सांगितलं, की या शब्दाचा अर्थ फार पसरट आहे, तुम्ही त्यांनाच विचारा. त्यांनी विचारलं. ताई बराच वेळ जमिनीकडे बघत राहिल्या आणि मग एकेक सांगू लागल्या.

'बरी आहे मी'चंही तसंच झालं. बाई जुन्या, मुरलेल्या होत्या. फाइन हे उत्तर त्यांनी लिहून घेतलं आणि थोड्या वेळाने सहज विचारावं तसं विचारलं, काल रात्री किती वाजता झोपलात? मग उठलात कधी? मधे जाग आली का? जाग आल्यावर काय केलंत? तेव्हा कळलं, की घर सोडून चार महिने झाले तरी ताई रोज रात्री तीनच्या सुमाराला उठून दाराची कडी दोनदा तपासतात, आणि मग मुलाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघतात. त्यांच्या मते हे 'बरी आहे'मध्ये मोडत होतं.

त्या दिवशी प्रश्नावलीत ३८ आले. मला हायसं वाटलं. घरी जाताना गाडीत लक्षात आलं की एका बाईला जास्त दुखतंय हे कळून मला हायसं वाटलं होतं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. इमिग्रेशनच्या दारात माणसाचं मन तपासणं ही जुनी गोष्ट आहे, फक्त दिशा उलटी होती. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर १८९२ पासून बोटीने आलेल्यांची तपासणी व्हायची. जिना चढणाऱ्यांकडे डॉक्टर काही सेकंद बघत आणि शंका आली तर कोटावर खडूने अक्षर काढत. मन किंवा बुद्धी ठीक नसल्याचा संशय असेल तर फुली, खात्री वाटली तर गोलातली फुली. तिथल्या हॉवर्ड नॉक्स नावाच्या डॉक्टरला हे पटत नव्हतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्याला गणितं घालून मतिमंद ठरवणं बरोबर नाही, असं म्हणून त्याने लाकडी तुकड्यांची, भाषा न लागणारी कोडी तयार केली. भला माणूस असावा. पण कोडं कितीही न्याय्य असलं तरी ते घालायचं कारण एकच होतं, कुणाला परत पाठवायचं ते ठरवणं.

त्याहून बोलकी गोष्ट क्लाइव्ह बूटिलिए या कॅनडाहून आलेल्या तरुणाची. १९५५ मध्ये तो अमेरिकेत आला, आठ वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि त्यात आपण समलिंगी संबंध ठेवल्याचं खरं खरं सांगून टाकलं. सरकारी डॉक्टरांनी केवळ त्याच्या जबाबावरून त्याला 'सायकोपॅथिक पर्सनॅलिटी' असल्याचं सर्टिफिकेट दिलं, कारण तशा माणसांना १९५२च्या कायद्याने प्रवेशबंदी होती. त्याने स्वतःच्या बाजूने दोन मानसोपचारतज्ज्ञांची मतं सादर केली, की असं काही नाही. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याला हाकलून देणं योग्य ठरवलं. कारण काय दिलं, तर कायद्यातला तो शब्द वैद्यकीय अर्थाने वापरलेलाच नाही, संसदेला समलिंगी लोक नको होते एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे बाहेर काढायला डॉक्टरचं सर्टिफिकेट चालतं. त्याला ठेवा म्हणणारे डॉक्टर आले की मात्र हा विषय डॉक्टरांचा राहत नाही.

हे वाचल्यावर आजच्या रिपोर्टांकडे बघताना मला कृतज्ञता वाटते. आज निदान मानसशास्त्रज्ञ माणसाच्या बाजूने बोलतात, आणि फुकट काम करणारेही पुष्कळ आहेत. 'फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स' या संस्थेच्या डॉक्टरांनी तपासलेल्या आश्रय मागणाऱ्यांचा एक अभ्यास २००८ साली आला. त्यातल्या ८९ टक्के लोकांना आश्रय मिळाला होता. त्याच काळातली देशाची सरासरी होती ३७.५ टक्के. इंजिनिअर म्हणून मला लगेच शंका येते, की मुळात भक्कम केसच अशा संस्थांकडे जात असतील, चांगला वकील ज्याला मिळाला त्यालाच डॉक्टरही मिळाला असेल. ते खरंच आहे. तरीही हा फरक सगळा त्यातून आला असेल असं मला वाटत नाही.

कारण एक काम असं आहे जे हा रिपोर्टच करू शकतो. आठवण समजावून सांगण्याचं.

आश्रयाच्या केसमध्ये माणूस खरं बोलतोय की खोटं हे ठरवताना त्याच्या सांगण्यात विसंगती शोधतात. विमानतळावर मंगळवार म्हणाला, कोर्टात बुधवार म्हणतोय. २००५ सालच्या 'रिअल आयडी' कायद्याने तर अशी मुभा दिली, की विसंगती मूळ मुद्द्याशी संबंधित नसली तरी तिच्यावरून अविश्वास दाखवता येईल. आणि पीटीएसडीच्या लक्षणांच्या अधिकृत यादीत काय आहे? घटनेतले महत्त्वाचे भाग न आठवणं. जे आजाराचं लक्षण तेच खोटेपणाचं लक्षण. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापून आला होता. ब्रिटनमधल्या २७ कोसोव्हन आणि १२ बोस्नियन निर्वासितांना त्यांच्या आयुष्यातल्या घटना मधे काही काळ जाऊ देऊन दोनदा विचारल्या. या लोकांना राहायची परवानगी आधीच मिळालेली होती, खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. तरी झाडून सगळ्यांच्या दोन सांगण्यांत फरक सापडले. आजूबाजूच्या बारीकसारीक तपशिलांत जास्त. आणि ज्यांची आघाताची लक्षणं तीव्र होती त्यांच्या बाबतीत, दोन मुलाखतींमध्ये जितका जास्त काळ गेला तितके फरक वाढले.

ताईंची केस आश्रयाची नव्हती, पण त्यांच्याही तारखा जुळत नव्हत्या. फोन फोडला तो दिवाळीत की संक्रांतीला? एकदा हे, एकदा ते. वकीलबाई काळजीत होत्या. रिपोर्टात मानसशास्त्रज्ञांनी दोन परिच्छेद यावरच लिहिले, की अशा स्थितीत काळाचा क्रम का विस्कटतो, मुख्य प्रसंग लख्ख का राहतो आणि त्याचा दिवस का हरवतो. पंधरा पानांत मला तेवढे दोन परिच्छेद सगळ्यात न्याय्य वाटले. त्यात ताईंना कमी-जास्त दुखतं याचा हिशोब नव्हता. त्या अशा का बोलतात हे वाचणाऱ्याला कळावं, एवढंच त्यात होतं.

आता वजनाचं बोलू. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात काही ठिकाणी दुःखाचं चक्क प्रमाण लिहिलेलं आहे. दहा वर्षांहून जास्त काळ विनाकागद राहिलेल्या माणसाला देशाबाहेर काढणं रद्द करून घ्यायचं असेल, तर त्याला दाखवावं लागतं की तो गेला तर त्याच्या इथल्या नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्या जोडीदाराला, आईबापाला किंवा मुलांना 'अपवादात्मक आणि अत्यंत असाधारण' हाल सोसावे लागतील. त्याचे स्वतःचे हाल धरत नाहीत. वर्षाला जास्तीत जास्त चार हजार जणांना हे मिळू शकतं. २००१ साली मॉन्रियल नावाच्या मेक्सिकन माणसाची केस झाली. चौदाव्या वर्षी आलेला, वीस वर्षं इथे राहिलेला, मुलं अमेरिकन नागरिक. इमिग्रेशनच्या अपील मंडळाने म्हटलं, कुणी देशाबाहेर गेलं की घरच्यांना साधारण जेवढा त्रास होतो, त्याहून हा बराच जास्त असला पाहिजे, आणि तो तेवढा नाही. अपील फेटाळलं.

बाप दूर गेल्यावर मुलाला जे होतं ते साधारण. म्हणून ते मोजत नाहीत. मग वकील मानसशास्त्रज्ञाकडे जातो आणि विचारतो, या मुलात असाधारण असं काही सापडेल का? मूल अंथरुण ओलं करत असेल, शाळेत बोलत नसेल, तर ते रिपोर्टात येतं. आणि मूल शहाणं असेल, आईला धीर देत असेल, गणितात पहिलं येत असेल, तर ते बापाच्या विरुद्ध जातं.

यावर एक सरळ प्रश्न मला माझ्या रूममेटने विचारला. जागा थोड्या असतील तर सरकारने काय करावं? दवाखान्यात कॅज्युअल्टीतही जो जास्त गंभीर त्याला आधी घेतात, त्याला आपण अन्याय म्हणत नाही. मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. मग लक्षात आलं की कॅज्युअल्टीत गंभीर माणसाला खाट मिळते ती बरं होण्यासाठी. बरा झाला तर सगळ्यांना आनंद होतो आणि आधी दिलेली खाट चुकीची होती असं कुणी म्हणत नाही. इथे गंभीर असण्याबद्दल कागद मिळतो. आणि कागद यायला वर्षं लागतात, तोवर जो बरा होईल त्याचा पुरावा पातळ होतो.

मला स्वतःला या देशात यायला दुःख लागलं नाही. एच-१बीच्या वर्षाला ८५ हजार जागा, माझ्या वेळी लॉटरी, माझा नंबर लागला. सरकारने डिग्री विचारली, पगार विचारला, कंपनीने कागद भरले. त्या वर्षी मला रात्री झोप येत होती का, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. (येत नव्हती, पण ते जाऊ दे.) माझ्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे असं गृहीत धरून माझ्याशी व्यवहार झाला. ताई रोज वीस जणांचा डबा करतात, पण त्यांच्या फाइलमध्ये ते कुठेच नव्हतं. त्यांना दाखवायला लागत होतं ते काय मोडलं आहे तेवढंच.

फ्रान्समध्ये १९९८ साली एक कायदा झाला, की गंभीर आजारी परदेशी माणसाला मायदेशी उपचार मिळणार नसतील तर इथे राहू द्यावं. डिडिए फासँ या मानववंशशास्त्रज्ञाने, जो आधी डॉक्टर होता, यावर बरंच लिहिलं आहे. त्याचं निरीक्षण असं, की राजकीय छळ झाला म्हणून आश्रय मागणाऱ्यांवर तिथे विश्वास कमी होत गेला आणि त्याच काळात आजारी शरीरावर मात्र विश्वास ठेवला गेला. माझ्यावर अन्याय झाला असं म्हणणाऱ्यापेक्षा मला दुर्धर रोग आहे म्हणणाऱ्याला कागद सोपा. मला वाटतं मनाचे रिपोर्ट याच वाटेवर आहेत. तुझ्याशी काय वागणूक झाली, हा प्रश्न सरकारला अवघड जातो, कारण त्याचं उत्तर द्यायचं तर बाजू घ्यावी लागते. तुला किती लागलं, हा सोपा. त्याला आकडा आहे.

खरं तर वावाचा कायदा पहिलाच प्रश्न विचारतो. क्रूरता झाली का? तुम्ही किती मोडलात असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. पण क्रूरतेचा दुसरा पुरावा नसला की परिणामावरून कारण सिद्ध करायची वेळ येते, आणि मग हळूहळू परिणाम हीच अट असल्यासारखं सगळे वागू लागतात. वकील, मानसशास्त्रज्ञ, दुभाषी, सगळे. छळ झालेल्यांची तपासणी कशी करावी याची संयुक्त राष्ट्रांची एक पुस्तिका आहे, इस्तंबूल प्रोटोकॉल. १९९९ मध्ये तयार झाली, २०२२ मध्ये सुधारली. जखम सांगितलेल्या हकिगतीशी किती जुळते याच्या तिने पायऱ्या दिल्या आहेत. जुळत नाही, जुळू शकते, चांगलीच जुळते, अशा प्रसंगी सहसा अशीच दिसते, आणि शेवटची, याशिवाय दुसऱ्या कशानेही होणार नाही. पण त्याच पुस्तिकेत असंही बजावलं आहे, की छळ झालेल्या प्रत्येकाला मानसिक आजार होतोच असं नाही, आणि निदान झालं नाही म्हणून छळ झाला नाही असा अर्थ काढू नये. या विषयावर वाचलेल्या सगळ्यात मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मग मी थोडंसं वाढवून सांगितलं असतं तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. 'त्रास'ला पहिल्यांदाच जरा जड शब्द वापरला असता, 'बरी आहे'ला 'आय ॲम मॅनेजिंग' म्हटलं असतं. कुणाला कळलं नसतं, आणि ते फार खोटंही नव्हतं. नंतर येणाऱ्या बायकांच्या शब्दाची किंमत कमी होते, हे नेहमीचं कारण मला पटतं, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. जिच्यासमोर मूल घेऊन एक बाई बसली आहे तिला पुढच्या काल्पनिक बायकांचा विचार करायला सांगणं सोपं आहे. माझं खरं कारण वेगळं आहे. दहा वर्षं त्या घरात ताईंच्या वतीने दुसराच कुणीतरी बोलत होता. डॉक्टरकडे, बँकेत, त्यांच्या आईशी फोनवरसुद्धा. त्या खोलीत पहिल्यांदा त्यांचं वाक्य त्यांचं म्हणून लिहिलं जाणार होतं. ते मी सुधारून देणं, भल्यासाठी का होईना, मला जमणारं नव्हतं.

दोन वर्षांनी सरकारकडून आणखी पुरावा मागणारी नोटीस आली. वकीलबाई म्हणाल्या, रिपोर्ट जुना झाला, नवा करून घेऊ. तोवर ताईंनी ड्रायव्हिंग लायसन्स काढलं होतं. डब्यांचे ग्राहक वाढले होते. मुलगा इंग्रजीतून उलट बोलायला लागला होता. तपासणीच्या दिवशी मला घ्यायला त्याच आल्या, स्वतः गाडी चालवत. सिग्नलला थांबल्यावर समोर बघत म्हणाल्या, "अगं, एक विचारू? केस होईपर्यंत बरं व्हायचं नाही का?"

मी म्हटलं, असं काही नाही ताई. पण मला माहीत नव्हतं.

प्रश्नावलीत २४ आले. उंबरठ्याच्या खाली. दवाखान्यात असतं तर चौदा गुणांनी उतरलं म्हणून डॉक्टरांनी कौतुक केलं असतं. मी लिहून घेताना बेरीज पुन्हा केली, चुकली असेल म्हणून. ताईंनी ते पाहिलं. मग त्यांनी मला विचारलेला प्रश्नच, थोड्या संकोचाने, मानसशास्त्रज्ञ बाईंना विचारायला सांगितला. मी विचारला, 'आय' म्हणून.

बाई टाइप करायच्या थांबल्या. म्हणाल्या, बरं व्हायलाच हवं, आणि मी ते जसं आहे तसं लिहीन. नव्या रिपोर्टात त्यांनी दोन्ही आकडे दिले. पहिला मोठा का होता आणि दुसरा लहान का, ते लिहिलं. भीतीचं कारण दूर झाल्यावर, समुपदेशन मिळाल्यावर, झोप परत आल्यावर लक्षणं अशीच उतरतात, आणि आता उतरली म्हणून आधी घडलेलं खोटं ठरत नाही, उलट ते त्या हकिगतीशी जुळतं. मला ते वाचून बरं वाटलं. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने ते कसं वाचलं असेल, याची खात्री देता येत नाही. निकाल अजून यायचा आहे.

पहिला रिपोर्ट ताईंनी कधी वाचला नव्हता. मधे एकदा फोनवर भाषांतर करून पाहिला, तर 'सपाट प्रभाव' असं काहीतरी आलं. फ्लॅट अफेक्ट, म्हणजे चेहऱ्यावर भावना न दिसणं. "मी सपाट आहे असं लिहिलंय का गं?" हे त्यांनी मला इतके दिवसांनी विचारलं, तेव्हा मला लाज वाटली. ज्या पंधरा पानांवर त्यांचं सगळं अवलंबून होतं ती कुणी त्यांना वाचून दाखवली नव्हती. मीही नाही.

म्हणून दुसरा आला तेव्हा एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत वाचला. दोन तास लागले. त्या पोळ्या लाटत ऐकत होत्या. मधेच "हो, असंच" म्हणायच्या. एका जागी थांबल्या आणि पुन्हा वाचायला सांगितलं. माहेरच्या परिच्छेदात लिहिलं होतं की त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत झालं.

"बारावी," त्या म्हणाल्या. "सायन्स. एकसष्ट टक्के होते मला. ते बदलायला सांग."

मी तिथेच बसून मेल केला. मंगळवारी दुरुस्त केलेली प्रत आली.